अजगर पडून का राहतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दुपारी भरपेट जेवून जो माणूस सतरंजीवर आडवा होतो आणि चार वाजून गेले तरी कूस बदलत नाही, त्याला आपल्याकडे अजगर म्हणतात. एखादा कागद ज्या टेबलावरून महिनोन् महिने पुढे सरकत नाही, त्या टेबलामागच्या साहेबांनाही हीच पदवी मिळते. साप म्हटलं की भीती आणि अजगर म्हटलं की आळस, असं आपल्या बोलण्यात घट्ट बसून गेलं आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांनी मात्र या प्राण्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि ही कथा मराठी घराघरांत पोहोचली. जे आपणहून समोर येईल ते घ्यावं, आलं नाही तर धावाधाव न करता स्वस्थ राहावं, हा अजगराकडून घेतलेला धडा. आता अजगर काही वैराग्यामुळे स्वस्थ राहत नाही, हे उघड आहे. पण तो स्वस्थ राहतो ही गोष्ट त्या निरीक्षकानं अचूक टिपली होती. ती स्वस्थता नेमकी कशासाठी असते आणि आपण ती मोडली की त्याला काय किंमत पडते, याविषयी आज बोलायचं आहे.

आपल्याकडे डोंगरकपारीत, नदीकाठी, ओढ्याच्या झाडीत आणि हल्ली उसाच्या फडातही जो दिसतो, तो भारतीय अजगर. शास्त्रीय नाव पायथॉन मोलुरस. लिनियसनं १७५८ मध्ये त्याची शास्त्रात नोंद केली. कोकणात जुनी माणसं त्याला ‘आर’ म्हणतात. ‘अजगर’ हा शब्द संस्कृतातला. अज म्हणजे बोकड आणि तो गिळणारा तो अजगर. नाव थोडं अतिशयोक्तीचं आहे. आपल्याकडचा पूर्ण वाढलेला अजगर साधारण नऊ-दहा फुटांचा असतो, काही त्याहून मोठे होतात. करडू किंवा हरणाचं पाडस त्याच्या आवाक्यात येतं, पण त्याचं रोजचं खाणं म्हणजे उंदीर, घुशी, ससे, पक्षी. माणसाला गिळल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्या इंडोनेशियातल्या जाळीदार अजगराच्या असतात. ती जात वेगळी आणि आकारानं कितीतरी मोठी. भारतात ती निकोबार बेटांवर आहे. तिसरा आपल्या ईशान्येकडचा ब्रह्मी अजगर. तो दिसायला आपल्या अजगराचा सख्खा भाऊ. बराच काळ दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत होते, २००९ पासून ती स्वतंत्र जात धरली जाते. आज मी जे प्रयोग सांगणार आहे, त्यांतले बरेचसे या भावावर झालेले आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

अजगराला विष नसतं. शिकारीच्या मागे धावण्याइतका वेगही नसतो. पोटाच्या रुंद खवल्यांवर सरळ रेषेत तो असा सरकतो की जणू कुणी त्याला दोरीनं ओढत आहे. मग पोट भरायचं कसं? तर जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसून राहायचं. अंगावरचे तपकिरी-पिवळसर पट्टे वाळलेल्या पाचोळ्यात असे मिसळतात की दोन पावलांवरचा अजगर माणसाला दिसत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात याचा मोठा अनुभव आला. पाळण्यासाठी नेलेले ब्रह्मी अजगर तिथल्या दलदलीत सुटले, वाढले आणि त्यांनी स्थानिक प्राणी फस्त करायला सुरुवात केली. शोधायला गेलं तर सापडेनात. शेवटी २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना तिकडे बोलावलं. जमिनीवर पडलेली पुसटशी घसट, टाकलेली कात, विष्ठा यांवरून माग काढत या दोघांनी पहिल्या दोन आठवड्यांतच तेरा अजगर धरले. त्यांना पुढे २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेत फारसं न गेलेल्या माणसांच्या ज्ञानाचा असा गौरव झाल्याचं वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तर असा दबा धरून बसलेला अजगर डोळ्यांपेक्षा ओठांवर जास्त विसंबतो. त्याच्या ओठांच्या खवल्यांत बारीक खळगे असतात आणि त्यांना उष्णता कळते. अंधारात उंदीर जवळून गेला तर त्याच्या अंगाची ऊब या खळग्यांना जाणवते. ही जाणीव पेशींमधल्या कोणत्या प्रथिनामुळे होते, हे २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी खुळखुळ्या साप आणि बोआ यांच्याबरोबर अजगरही अभ्यासला होता. स्पर्श आणि तापमान यांच्या जाणिवेवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालेले ज्युलियस ते हेच.

शिकार टप्प्यात आली की मात्र हा सुस्त प्राणी डोळ्याचं पातं लवण्याआधी झडप घालतो, मागे वळलेल्या दातांत तिला पकडतो आणि विळखे टाकतो. अजगर हाडं मोडून चुरा करतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नंतर पुस्तकांतून कळलं की तो श्वास कोंडून मारतो. आता तेही मागे पडत चाललं आहे. बोआ या अजगरासारख्याच विळखा घालणाऱ्या सापावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की विळख्यानं सर्वांत आधी बंद पडतं ते रक्ताभिसरण. काही सेकंदांत उंदराचा रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि शुद्ध जाते. शिकार जितक्या लवकर निपचित होईल तितकी अजगराची ताकद वाचते आणि नखं-दातांनी जखमी होण्याचा धोकाही टळतो.

यानंतर येतं गिळणं. अजगर जबडा निखळवतो असं म्हणतात, तसं काही नसतं. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना जुळलेली नसतात, मध्ये लवचीक स्नायुबंध असतो. एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे, असं करत तो भक्ष्यावर जणू चालत जातो.

आता मूळ मुद्दा. भक्ष्य पोटात गेलं, पोट फुगलं आणि अजगर पडून राहिला. आपण म्हणतो, बघा, सुस्तावला. प्रत्यक्षात या प्राण्याच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा काळ आता सुरू झालेला असतो. जॅरेड डायमंड आणि स्टीफन सेकोर यांनी १९९० च्या दशकात ब्रह्मी अजगराच्या पचनाचा अभ्यास केला. दोन जेवणांच्या मध्ये कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. तेवढा काळ पचनाची यंत्रणा चालू ठेवणं परवडणारं नाही, म्हणून अजगर ती जवळपास बंद करून टाकतो. आतडं आक्रसतं, जठरात आम्ल तयार होणं थांबतं. एखाद्या गिरणीवाल्यानं दळण नसताना पट्टा उतरवून ठेवावा तसं. भक्ष्य पोटात आलं की ही सगळी गिरणी एका-दोन दिवसांत नव्यानं उभी करावी लागते. आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात, शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या वेळच्या चाळीस पटींपर्यंत जाऊ शकतो. २००५ मध्ये तर असं दिसलं की जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचा स्नायू चाळीस टक्क्यांनी वाढतो. पचन उरकलं की सगळं पुन्हा आक्रसतं. आपला माणूस जेवल्यावर घोरतो. अजगर जेवल्यावर आतून मैल न् मैल पळत असतो.

आणि हे सगळं बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून. अजगर शीतरक्ताचा. ऊन मिळालं नाही, अंग गार राहिलं, तर पोटातलं भक्ष्य पचण्याआधी कुजू लागतं. म्हणून पोट भरलेला अजगर उन्हाला येऊन पडतो आणि नेमका तेव्हाच आपल्याला दिसतो.

पुढचं दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी गावात पाहिलं असेल. ऊसतोड चालू आहे किंवा कुणाच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याजवळ अजगर दिसला. हाक जाते, माणसं जमतात, पोरं येतात, कुणीतरी काठीनं टोचतं, कुणीतरी शेपटी धरून ओढतं आणि हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल. घाबरलेल्या अजगराला पोटातल्या ओझ्यासह पळता येत नाही. मग तो ते ओझं टाकतो, म्हणजे गिळलेलं भक्ष्य ओकतो. लोकांना ते किळसवाणं वाटतं, ‘बघा किती मोठं गिळलं होतं’ म्हणून त्याचेही फोटो निघतात. पण हिशेब मांडून बघा. ती शिकार मिळायला त्याला कदाचित महिनाभर एका जागी बसावं लागलं असेल. ती पचवायला त्यानं शरीरातली साठवलेली चरबी खर्चून आतडं उभं केलं. आता खर्च झालेला आहे आणि मिळकत मातीत पडली आहे. तगडा अजगर यातून सावरतोही. अशक्त असेल तर पुढची शिकार मिळेपर्यंत टिकेलच असं नाही. त्या गर्दीत कुणी त्याला मारलेलं नसतं. उलट ‘आम्ही वाचवला’ असंच सगळे सांगत असतात.

पडून राहण्याचं दुसरं कारण याहून विलक्षण आहे. ते म्हणजे आईपण. बहुतेक साप अंडी घालतात आणि निघून जातात. अजगराची मादी तसं करत नाही. थंडीत मीलन होतं, उन्हाळ्यात ती एखाद्या बिळात, ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत अंडी घालते. वीस, तीस, कधी त्याहून जास्त. पांढरी, चामड्यासारख्या कवचाची आणि एकमेकांना चिकटलेली. त्या ढिगाभोवती ती वेटोळं घालते, डोकं वर ठेवते आणि साधारण दोन महिने तशीच बसते, काही न खाता.

१८३० च्या दशकात लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशानं पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं, की हिंदुस्थानातली अजगराची मादी अंडी नुसती राखत नाही, ती अंगाच्या उबेनं उबवते. विद्वानांनी ते मानलं नाही. शीतरक्ताचा प्राणी ऊब आणणार कुठून, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीनं अंडी घातली. व्हॅलेन्सिएन यांनी वेटोळ्यात तापमापक ठेवून मोजलं, तर मादी खरोखरच आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम होती. ती ऊब कशी येते हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर या तिघांनी अंड्यांवर बसलेल्या ब्रह्मी अजगराच्या मादीचा अभ्यास करून १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. हवा तेहतीस अंशांच्या खाली गेली की मादीचे स्नायू थोड्या थोड्या वेळानं आखडू लागतात, अंगाला झटके बसतात. आपल्याला थंडीत हुडहुडी भरते ना, तशीच ही हुडहुडी. त्यातून उष्णता निर्माण होते आणि अंड्यांना मिळते. हवा जितकी गार तितके झटके जास्त. म्हणजे जो प्राणी स्वतःसाठी कधी उष्णता तयार करत नाही, तो पिल्लांसाठी करतो. तेही उपाशीपोटी.

अशा मादीला बिळातून ओढून काढलं, की पुढे काय होणार हे सांगायला नको. म्हणूनच २०२२ सालची केरळातली एक घटना मला महत्त्वाची वाटते. कासरगोड जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं. हा तोच महामार्ग, जो आपल्याकडे पनवेलहून सुरू होऊन मुंबई–गोवा रस्ता म्हणून ओळखला जातो. खोदकामात साळिंदराच्या बिळात अंड्यांवर बसलेली अजगराची मादी सापडली. काम करणाऱ्या सहकारी संस्थेनं वन विभागाशी बोलून त्या जागेवरचं काम चोपन्न दिवस थांबवलं. दोन डझनांच्या आसपास अंडी होती. ती फुटायला आल्यावर बाहेर काढली आणि पिल्लं जंगलात सोडली. बाकीच्या रस्त्याचं काम चालूच होतं, तेव्हा रस्ता अडला असंही कुणाला म्हणता आलं नाही. आपल्याकडच्या चौपदरीकरणाच्या रखडकथा आठवल्या, तर चोपन्न दिवस हा आकडा फारसा मोठाही वाटत नाही.

साळिंदराचं बीळ म्हटलं, त्यावरून भरतपूरची गोष्ट सांगतो. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात आपण पक्षी बघायला जातो. तिथे अजगरही पुष्कळ आहेत. एस. भूपती आणि व्ही. एस. विजयन यांनी तिथल्या अजगरांवर केलेला अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८९ मध्ये आला. अजगराला स्वतः बीळ खणता येत नाही. उत्तरेतल्या कडक थंडीत त्याला जमिनीखालची ऊब तर हवी, मग तो साळिंदरानं खणलेल्या बिळात राहायला जातो. साळिंदर, अजगर आणि वटवाघळं एकाच बिळात नांदताना तिथे नोंदले गेले आहेत. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं. थंडीच्या सकाळी ऊन वर आलं की अजगर बिळाच्या तोंडाशी येऊन पडतात आणि दुपार कलली की आत जातात. म्हणजे बीळ आणि त्यासमोरचा उन्हाचा तुकडा ही त्याच्या जगण्याची शिदोरीच आहे.

हे कळल्यावर ‘अजगर पकडून दूर जंगलात सोडला’ ही बातमी वेगळी वाटू लागते. पकडणाऱ्या सर्पमित्रांचा हेतू चांगला असतो, त्यांनी पुष्कळ साप काठीखालून वाचवले आहेत, हे मी आदरानंच म्हणतो. पण नव्या जंगलात त्या अजगराला बीळ माहीत नाही, पाण्याची जागा माहीत नाही, शिकारीच्या वाटा माहीत नाहीत. कर्नाटकात अगुंबे इथे नागराजाच्या अंगात रेडिओ यंत्र बसवून पाहिलं, तेव्हा दूर नेऊन सोडलेला साप मूळच्या सापापेक्षा खूप जास्त भटकताना दिसला. एकाच ठिकाणी बसून काटकसरीनं जगणाऱ्या अजगराला असं भटकणं किती महाग पडेल, याची कल्पना करा. शक्य असेल तिथे त्याला सापडला तिथून जवळच, त्याच ओढ्याच्या काठी सोडणं बरं. आणि शेतातच दिसला असेल, कोंबड्या-करडांपासून लांब असेल, तर पकडायचंच कशाला? उंदीर-घुशी खाणारा हा राखणदार पगार मागत नाही.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं. एके काळी अजगराच्या कातड्याच्या पर्स आणि बूट परदेशात मोठ्या प्रमाणावर जात. भारतानं १९७६ मध्ये सापांच्या कातड्यांची निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारणं, पाळणं, गळ्यात घालून जत्रेत फिरवणं, सांधेदुखीवर म्हणून त्याची चरबी विकणं हे सगळे गुन्हे आहेत. चरबीनं गुडघे बरे होत नाहीत, हे वेगळं.

जून-जुलैत अंडी फुटतात. पिल्लं दीड-दोन फुटांची, जन्मल्यापासून स्वतंत्र, आई त्यांना काही शिकवत नाही. आणि नेमका याच सुमाराला, पावसाच्या तोंडावर, घोणशीचीही पिल्लं बाहेर पडतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. तपकिरी अंग, त्यावर गडद ठिपके, जाडसर बांधा, यामुळे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात घेण्याचे प्रकार दर वर्षी घडतात. घोणस अत्यंत विषारी, आणि तिच्या पिल्लालाही पहिल्या दिवसापासून विष असतं. फरक सांगायचा तर घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, ठिपक्यांची कड ठळक असते आणि अंग खरखरीत दिसतं. अजगराचे पट्टे वेडेवाकडे, अंग गुळगुळीत आणि तुकतुकीत, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. चिडली की घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. पण अजगरही फुत्कारतो. तेव्हा हे फरक लांबून बघण्यासाठी आहेत, हातात घेऊन पडताळण्यासाठी नाहीत. चावलाच, तर मांत्रिकाकडे किंवा पाल्याकडे वेळ न घालवता सरळ प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात जायचं. साप अंगणात बसून राहिला, तर पोरांना आणि कुत्र्याला घरात घ्यायचं, एका माणसानं लांब उभं राहून नजर ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.